वान्दोवालीची तांबडी

आमच्या सोक्गोलमध्ये कुणालाही विचारा, गावातली सगळ्यात तोंडाळ बाई कोण? वान्दोवालीचंच नाव निघेल. बस उशिरा आली की ती ड्रायव्हरला झाडते. सकाळी सकाळी भोंग्यावरून सूचना वाचणाऱ्या सरपंचाला झाडते. कोबीवरच्या अळीला चिमटीत धरून आधी चार शब्द सुनावते आणि मग चिरडते.

तिचं खरं नाव नो इप-बुन. इप-बुन म्हणजे देखणी. पण आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं कोण हाक मारतं? वान्दो बेटावरून आली म्हणून ती वान्दोवाली, मी नामवोनची म्हणून नामवोनवाली. तिचा नवरा ग्वाक पान-दोल आणि माझे यजमान चुलत भाऊ, म्हणजे नात्यानं ती माझी थोरली जाऊ. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी दगडी भिंत आहे. त्या भिंतीवरून मी तिच्या शिव्या ऐकतच या गावात म्हातारी झाले. तिच्या त्या रागाचं मूळ कुठं होतं, ते मला एका उन्हाळ्यात कळलं, आणि तेही एका कोंबडीपायी.

त्या वर्षी वसंतात पान-दोल भावजींनी बाजारातून तांबड्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. दरवर्षी वान्दोवालीच आणायची, दोन-चार, घरापुरत्या. या वेळी भावजींच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. त्यांच्या एका मित्रानं तालुक्याला सांगितलं होतं की खुराड्यात रात्रभर बल्ब ठेवला आणि अंड्यांचं खास खाद्य घातलं, तर तलंगा लवकर अंड्यावर येतात. झालं. भावजींनी खुराड्यात वायर ओढली आणि खाद्याचं पोतं आणलं. आणि खरंच, ज्या वयात कोंबडी नुसती उकिरडा उकरत हिंडते, त्या वयात त्या बिचाऱ्या अंडी घालायला लागल्या. तीही मोठाली, दोन-दोन बलकांची. भावजी ती अंडी खिशात घालून गावच्या हॉलमध्ये घेऊन जायचे आणि म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात मधोमध ठेवायचे.

"बघा! हे बघा! असलं अंडं बघितलंय का कधी?"

वान्दोवाली तेव्हापासून ओरडत होती. "अहो, तो बल्ब काढा. पोरी आहेत त्या अजून. अंगं भरली नाहीत त्यांची."

"तुला काय कळतंय? शास्त्र आहे ते."

"शास्त्र तुमच्या डोळ्यांवर लावा एक रात्र, मग कळेल."

पण बल्ब काही निघाला नाही.

भर उन्हाळ्यात आमच्याकडे घराघरांतून कोंबडी शिजवायचे तीन दिवस येतात. त्यातला पहिला दोन दिवसांवर आला होता. त्या सकाळी मी मिरच्यांना पाणी घालत होते आणि भिंतीपलीकडून असा काही आरडाओरडा ऐकू आला, की मला वाटलं साप निघाला. मी भिंतीवरून बघितलं तर वान्दोवाली खुराड्यात वाकून शिरलेली, हातात झाडू, आणि कोंबड्या सैरावैरा.

"मेल्यांनो! आपल्याच बहिणीला खाताय? हरामखोर! नामवोनवाले, इकडे ये, धावत ये!"

मी वळसा घालून गेले. कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी भिंतीला तोंड लावून उभी होती. शेपूट खाली पडलेली, पंख सुटलेले. तिच्या मागून लालभडक मांसाचा गोळा बाहेर लोंबत होता, चांगला लहान टोमॅटोएवढा, आणि त्यावर बाकीच्यांनी चोची मारून मारून रक्त काढलं होतं. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या सोडत नाहीत. मला बघवेना.

"अंग बाहेर आलंय हिचं," वान्दोवाली म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. मग लगेच पुन्हा चढला. "बघत काय उभी राहिलीस? टॉवेल आण! कोमट पाणी आण, मीठ घालून. आणि साखर."

"साखर कशाला, जाऊबाई?"

"आण म्हटलं ना!"

मी सगळं आणलं. टॉवेलमध्ये तांबडीला गुंडाळून मांडीवर घट्ट धरायचं काम माझ्याकडे आलं. वान्दोवालीनं तिचं मागचं अंग मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, चिकटलेली घाण, पिसं, माती हळूहळू सोडवली. ती बाई कोबीसुद्धा इतक्या हळू हातानं धूत नाही. मग बोटाला तिळाचं तेल लावून तिनं आत चाचपलं.

"अंडं अडलंय. हे एवढं मोठं. कुठून निघणार सांग?"

तेल सोडत, थांबत, कोंबडी कळ द्यायची तेव्हा धीर धरत तिनं ते अंडं काढलं. रक्ताच्या रेघा होत्या त्यावर. मग सुजलेल्या मांसावर साखर दाबून धरली. थोड्या वेळानं तिथून पाणी सुटायला लागलं आणि गोळा खरोखरच आकसला. तो तिनं पुन्हा धुतला आणि तेलाच्या बोटानं आत सारला. तांबडीनं एक लांब श्वास सोडला. माझ्या मांडीवर तिचं काळीज धडधडत होतं ते मला टॉवेलमधूनही लागत होतं.

तेवढ्यात भावजी आले. दात कोरत.

"काय झालं? मेली का?"

"मेली नाही. तुमच्या शास्त्रानं अर्धी मारलीय."

भावजींनी वाकून बघितलं, नाक मुरडलं. "अगं मग कापून टाक. परवा सूप करायचंच आहे. हिच्यावर कशाला वेळ घालवतेस?"

आता एक सांगते. वान्दोवाली काही कोंबडीला लेकरू मानणारी बाई नाही. सणावाराला मान मुरगाळायची ती, पिसं उपटायची ती. मलाही वाटलं, भावजी म्हणतात ते काही चूक नाही. पण ती अशी उठली, की पाण्याचं घमेलं उलटलं.

"धडधाकट असेल ती कापेन. तीन कापेन. हिला हात लावलात तर बघा."

"अगं पण का?"

"का? का म्हणून विचारता? तुम्ही विचारता?"

भावजी निघून गेले. जाताना कानांपर्यंत लाल झाले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

तांबडीला तिनं लोणच्याच्या माठांमागच्या अंधाऱ्या कोठीत, वेताच्या टोपलीखाली ठेवलं. खायला अगदी थोडं, पाणी मात्र भरपूर. पण दुपारपर्यंत गोळा पुन्हा बाहेर. तिनं पुन्हा धुतला, पुन्हा आत सारला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर चोचींनी फाटलेली कड काळी पडायला लागली होती.

"चल," वान्दोवाली म्हणाली. "तालुक्याला."

"कोंबडीला घेऊन? डॉक्टरकडे? जाऊबाई, लोक हसतील."

"हसू देत. दात पडलेत सगळ्यांचे, हवा तरी जाईल."

कोंबडीची टोपली तिनं आपल्या ढकलगाडीत ठेवली. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका चाकांची ढकलगाडी पुढे घेऊन, तिच्यावर भार टाकून चालतात. कंबरेतून वाकलेल्या असतात ना सगळ्या. वान्दोवाली तशी वाकलेली नव्हती, पण गाडीशिवाय ती कधी दिसायची नाही, आणि चालता चालता मधेच थांबून पाय जुळवून उभी राहायची. गुडघे दुखत असतील असं आम्ही धरून चाललो होतो. बसमध्ये चढताना ड्रायव्हर म्हणाला, "आजी, कोंबडी न्यायला परवानगी नाही." त्यावर ती जे बोलली ते मी इथं सांगत नाही. आम्ही मागच्या सीटवर बसून गेलो.

जनावरांचे डॉक्टर सो नुकतेच कुठल्यातरी गोठ्यातून आले होते, बूट शेणानं माखलेले. त्यांनी टोपलीत बघितलं आणि डोकं खाजवलं.

"मावशी, मी गायी-डुकरांचा डॉक्टर. गायीचं अंग बाहेर आलं तर आत ढकलून टाके घालतो. कोंबडीला कधी घातले नाहीत."

"मग आज घाला."

ते हसले, पण हात धुऊन आले. फाटलेला काळा भाग कापून काढला, बाकीचं आत सारलं आणि भोवती सैलसर टाका घातला, विष्ठा पडेल एवढी जागा ठेवून. सगळं नीट समजावून सांगितलं: अंधारात ठेवा, अंड्याचं खाद्य बंद, बल्ब तर आजच काढा, अंडी घालणं थांबलं तर वाचेल, पण खात्री देत नाही. आणि मग सहज, गाठ मारता मारता म्हणाले, "गायीचं असतं ना मावशी, तर लोक त्याच तासाला फोन करतात. कोंबडी म्हणून इतका उशीर."

ते वाईट अर्थानं बोलले नव्हते. पण वान्दोवालीचा चेहरा असा झाला, जणू कुणी कानाखाली लावली. तोंड उघडलं, मिटलं. उभ्या जन्मात मी तिला कधी गप्प बसलेली बघितली नव्हती. मला भीतीच वाटली.

बसस्टॉपच्या बाकावर बसल्यावर ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, समोरच्या औषधांच्या दुकानाकडे बघत.

"चिन-सू झाला ना, धाकटा, त्या वर्षी आमची गाय पण व्याली होती. तिचं अंग बाहेर आलं. सासूबाईंनी तालुक्याहून माणूस बोलावला, सासरे स्वतः त्याला आणायला पळाले. तेव्हा साखर म्हणजे काय हे तुला माहीत नाही. कपाटात कुलपात असायची. सासूबाईंनी कुलूप काढून अख्खी पिशवी गायीला लावली. महिनाभर गाय गोठ्यात बसून होती. कुणी तिला नांगराला जुंपलं नाही."

मी टोपली मांडीवर ओढून घेतली.

"मला माहेराहून समुद्राचं शेवाळ आलं होतं. बाळंतिणीच्या सुपाला. आईनं स्वतः वाळवून पाठवलेलं. तीन दिवस दिलं, मग म्हणाल्या, भाताची लावणी आलीय, चल. बाळ पाळण्यात, मी चिखलात. चार दिवसांची बाळंतीण गं मी, नामवोनवाले! संध्याकाळी बांधावर चढले आणि पायांच्या मधे काहीतरी आलं. मला वाटलं दुसरं मूल आहे पोटात."

"मग?"

"मग काय. सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, सगळ्यांचंच येतं, हातानं आत ढकल आणि कामाला लाग. ढकललं. तेव्हापासून रोज ढकलतेय. ओझं उचललं की येतं, खोकलं की येतं, परसाकडे बसलं की येतं. कापड बांधून ठेवते. ही गाडी कशासाठी आहे असं वाटतं तुला? गुडघे ठणठणीत आहेत माझे."

मी विचारलं, "भावजींना?"

"त्याला?" ती हसली. असलं हसू पुन्हा ऐकू नये. "त्याला माहीत आहे. वास येतो म्हणाला. पलीकडच्या खोलीत गादी टाकली. आणि बाहेर कुणाला सांगू नकोस म्हणाला, लाज जाईल."

तोपर्यंत बस आली होती. तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि ड्रायव्हरच्या अंगावर ओरडत वर चढली.

दुसऱ्या दिवशी तो सुपाचा दिवस. गावच्या हॉलमध्ये सकाळपासून मोठाल्या हंड्यांत कोंबड्या शिजत होत्या, लसूण, चिकट तांदूळ, खजूर घालून. वान्दोवाली पण आली होती कामाला, तिनं घरातल्या तीन कोंबड्या खरोखरच कापून आणल्या होत्या. आमच्या हॉलमध्ये पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी, मधे सरकतं दार. त्या दिवशी उकाड्यामुळे ते दार उघडंच होतं.

तांदळाची दारू फिरली, पुरुषांना रंग चढला. आणि भावजींची गाडी कोंबडीवर आली.

"अरे, माझ्या घरात दवाखाना उघडलाय!" ते मोठ्यानं म्हणाले. "आमची मंडळी कोंबडीची सुईण झाली. माझ्या गुडघ्यांना कधी थेंब तेल लावलं नाही बाईनं. पण कोंबडीच्या ढुंगणाला काय थाट! आधी मिठाचं पाणी, मग साखर, मग तिळाचं तेल..."

"मुरत घातलीय का?" सरपंच म्हणाले आणि सगळी खोली फुटली. एक म्हातारा तर ठसका लागून आडवा झाला.

"वर टाके पण घालून आणलेत," भावजी म्हणाले. "म्हणजे सारण बाहेर येणार नाही!"

वान्दोवाली हंड्यापाशी उभी होती, हातात पळी. तिनं पळी ठेवली नाही. तशीच, रस्सा गळत असलेली पळी घेऊन ती दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली.

"काय रे पान-दोल."

हसू जागच्या जागी थांबलं. आमच्या गावात बाईनं नवऱ्याला, तेही चारचौघांत, अरे म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. सरपंचांनी हातातला वाडगा खाली ठेवला.

"हस ना. थांबलास का? हस. तुला सांगितलं होतं का नाही मी, बल्ब काढ म्हणून? पोरवयातली कोंबडी. तिच्याकडून अंडी ओरबाडलीस. पत्त्यांच्या डावात मिरवलीस. आणि तिचं आतलं बाहेर आलं तर म्हणतोस काप. मग मला का नाही रे कापलंस?"

"ए, गप्प बस," भावजी हळूच म्हणाले. "घरी चल."

"घरी? घरी कुठल्या खोलीत? तुझ्या का माझ्या? सांग ना सगळ्यांना, तू खोली का बदललीस ते! माझंपण अंग बाहेर आलंय. चिन-सू झाला तेव्हापासून. चार दिवसांची बाळंतीण लावणीला घातलीत तुम्ही, आणि गायीला मात्र महिनाभर बसवून ठेवली. तू तिथंच होतास. गायीसाठी तू पाणी तापवलंस. माझ्यासाठी काय केलंस? नाक दाबलंस!"

पंखा तेवढा फिरत होता. मग आमच्या बाजूनं हादोंगवाली, आमच्यातली सगळ्यात वयस्कर, हातातल्या जेवायच्या काड्या आपटून म्हणाली, "अगं, जेवताना हे काय काढलंस! पुरुष माणसं बसलीत समोर."

"पुरुष माणसं बसलीत म्हणूनच काढलं," वान्दोवाली गर्रकन वळून म्हणाली. "बायकांना काय सांगायचं? तुम्हाला ठाऊकच आहे."

हादोंगवालीनं मान खाली घातली. आणि मी बघितलं, आमच्या खोलीत माना खाली घातलेल्या ती एकटीच नव्हती.

वान्दोवालीनं पळी हंड्यात टाकली. स्वतःसाठी वाडगाभर सूप वाढून घेतलं, कोंबडीची तंगडी घेतली, किमची घेतली, आणि भिंतीला टेकून शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. भावजी मागच्या दारानं निघून गेले होते.

त्यानंतर तिचं आणि भावजींचं बोलणं म्हणजे 'अरे, मीठ आण', 'अरे, दार लाव'. गावानं चार दिवस कुजबुज केली आणि मग सवय करून घेतली. बल्ब त्याच संध्याकाळी निघाला. भावजींनी वायरच कापून टाकली होती, आणि तीही इतक्या वेड्यासारखी, की घरातला फ्रीजही बंद पडला.

तांबडी मात्र जगली. डॉक्टर सो आमच्या बाजूला एका गोठ्यावर आले होते, तेव्हा टाका काढायला स्वतःच वाट वाकडी करून आले. तिनं अंडी घालणं सोडलं होतं, पिसं गाळली होती, दिसायला अगदी भिकारीण झाली होती. वान्दोवालीनं तिला वेगळी जाळी करून दिली. जाळी कुणी ठोकली? भावजींनी. ती बाजूला उभी राहून सांगत होती, खिळा तिरका चाललाय म्हणून.

डॉक्टरांकडे जायला तिला मी तयार केलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. एका सकाळी ती भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "कोंबडीचं बघायला डॉक्टर मिळाला, तर माझं बघायला पण असेल कुणीतरी. कपडे घाल." शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं तपासलं, हात धुतले, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "आजी, केव्हापासून आहे हे?" वान्दोवालीनं सांगितलं. त्या पोरीनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाली, "ऑपरेशननं बरं होईल. आधीही झालं असतं."

"आधीही झालं असतं," वान्दोवाली परतीच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होती. "ऐकलंस? आधीही झालं असतं." आनंदाची बातमी होती ती, आणि ती दातओठ खात होती. खिडकीच्या काचेवर तिनं अशी मूठ मारली, की पुढच्या सीटवरचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

ऑपरेशन भात पिवळं पडायला लागलं तेव्हा झालं. मी तिच्याजवळ राहिले. भावजी एकदा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खरबूज. खाटेपाशी बसून त्यांनी ते सोलायला घेतलं, आणि निम्मा गर सालीबरोबरच काढला. केलं तिच्यापुढे.

"कशाला आलास?"

"असंच."

"कोंबड्यांना कोण बघतंय?"

"घालून आलोय खायला."

"तांबडी?"

भावजींनी खरबुजाचा आणखी एक काप काढला. "आहे," म्हणाले.

खरबूज तिनं खाल्लं नाही. ते गेल्यावर मीच खाल्लं.

ती घरी आली ती गाडीशिवाय. हळूहळू, पण ताठ. अंगणात पाऊल टाकलं आणि सरळ जाळीकडे गेली. जाळी रिकामी होती. झाडून काढलेली.

भावजी ओट्यावर बसले होते. उठून उभे राहिले.

"पुन्हा अंड्यावर आली होती," ते म्हणाले. "तू दवाखान्यात गेलीस त्याच आठवड्यात. पुन्हा बाहेर आलं. मी धुतलं, मीठ घातलं, साखर लावली, तू करायचीस तसं. आत जाईना. डॉक्टर सोंना फोन केला, ते दूर कुठं होते. संध्याकाळी गेली."

वान्दोवाली चालत खुराड्यापाशी गेली, वर बघितलं, कापलेली वायर तशीच लोंबत होती. तिनं पोत्यात हात घालून खाद्य बघितलं, साधा भरडा होता. राग काढायला तिला काहीच सापडेना. इकडे बघ, तिकडे बघ. तिचा श्वास जोरात चालला होता.

"खाल्लीस," ती म्हणाली. "शिजवून खाल्लीस तू."

"नाही गं."

"मित्राला दिलीस."

"पुरली. मागच्या... त्या पर्सिमनच्या झाडाखाली." भावजींची जीभ अडखळत होती. "देवाशप्पथ पुरली."

"दाखव."

"काय?"

"उकर आणि दाखव!"

मी म्हटलं, "जाऊबाई, नुकत्याच दवाखान्यातून आलाय, आत चला, पडा जरा." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावजींनी कुदळ आणली. मागच्या अंगणात झाडाखाली माती अजून भुसभुशीतच होती. त्यांनी हळूहळू खणलं, मग कुदळ टाकून हातानं माती काढली. आधी एक फडकं दिसलं. भावजींचा जुना बनियन होता तो, नीट गुंडाळलेला. त्यांनी कड उचलली. तांबडी पिसं होती, नवी आलेली, मातीतही चमकत होती.

वान्दोवालीनं जवळ येऊन बघितलं. रडली नाही. भावजींचा चेहरा मात्र ओला झाला होता, घामानं की कशानं ते मला सांगता येणार नाही. ते गुडघ्यांवर बसूनच वाट बघत होते, ती काय बोलते याची.

"एवढाच खड्डा?" ती म्हणाली. "कुत्री उकरून नेतील. वर काढ तिला, आणि खोल खण."

भावजींनी बनियनची पुरचुंडी उचलून गवतावर ठेवली आणि पुन्हा कुदळ हातात घेतली.